अर्धी राहिलेली गोधडी

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरातली एखादी जुनी ट्रंक किंवा माळ्यावरचे गाठोडे कधी उघडून पाहिले आहे का? नसेल तर सुटीच्या दिवशी आईची परवानगी घेऊन जरूर उघडा. त्यात हमखास एक-दोन अर्धवट वस्तू सापडतील. पाठ विणून झालेला पण बाह्या नसलेला स्वेटर, एकच पंख चिकटवलेले लाकडी विमान, पहिली पाच पाने भरलेली तिकिटांची वही. अशी वस्तू हातात आली की मन जरा ओशाळते. ती पुरी करावी, की आता सोडून द्यावी? टाकवत नाही आणि करवतही नाही, म्हणून आपण ती पुन्हा ट्रंकेत ठेवतो आणि झाकण लावतो.

या प्रश्नाला काही शास्त्रशुद्ध उत्तर असू शकेल का? आपण एका खऱ्याखुऱ्या गोधडीच्या आधारे पाहू.

माझी पुतणी नववीत शिकते. दिवाळीच्या सुटीत तिने गोधडी शिवायला घेतली. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी हिलाच वाकळ म्हणतात. तळाला आणि वर तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, दोन लुगडी. मध्ये मऊ झालेल्या जुन्या चादरी. आई त्याच वर्षी श्रावणात गेली होती. गोधडी आजोबांसाठी होती. थंडी त्यांना सोसत नाही आणि विकतचे ब्लँकेट अंगाला टोचते अशी त्यांची तक्रार असते.

सुटीच्या २१ दिवसांत गोधडी पुरी होईल असा तिचा हिशेब होता. सुटी संपली तेव्हा तीस फेऱ्यांपैकी दहाच फेरे झाले होते. मग शाळा, घटक चाचणी, स्नेहसंमेलन. गोधडी घडी होऊन ट्रंकेत गेली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा तिने मला विचारले, "काका, खरं सांगा, मी ती पुरी करू की सोडून देऊ?"

घरातल्या प्रत्येकाचे मत तयारच होते. वहिनी म्हणाल्या, "इतके दिवस बोटं टोचून घेतलीस, आता सोडलीस तर सगळं वाया जाईल." तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "दोन महिन्यांत हात लावला नाहीस, आता काय लावणार? दे सोडून." आणि मी? माझ्या ओठांवर वाक्य आले होते, "अगं, आजीची लुगडी आहेत ती." पण मी ते गिळले. कारण आम्हा तिघांच्याही बोलण्यात एकच खोट होती. आम्ही तिघेही होऊन गेलेल्या गोष्टींबद्दल बोलत होतो. तिचा प्रश्न मात्र उद्याबद्दल होता.

बुडीत खर्चाचा मोह

अर्थशास्त्रात 'बुडीत खर्च' अशी एक संज्ञा आहे. जो पैसा, जो वेळ किंवा जे कष्ट खर्च होऊन गेले आणि काहीही केले तरी परत येणार नाहीत, तो बुडीत खर्च. गोधडीवर घालवलेले तास असेच आहेत. ती पुरी केली तरी ते तास परत येत नाहीत आणि सोडली तरी येत नाहीत. दोन्ही वाटांवर जी गोष्ट सारखीच आहे, तिच्यावरून वाट निवडता येईल का? पुण्याला जायचे की कोल्हापूरला, हे ठरवताना दोन्ही गाड्यांचे भाडे अगदी एकच असेल, तर भाड्याचा विचार आपण सोडून देतो. तसेच हे.

ऐकायला सोपे वाटते. पण आपले मन तसे वागत नाही. अमेरिकेतील हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतला एक प्रश्न असा होता. समजा, बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या दोन सहलींची तिकिटे तुम्ही काढली आहेत. एक १०० डॉलरचे, दुसरे ५० डॉलरचे. पन्नासवाल्या सहलीत मजा जास्त येणार असे तुम्हाला वाटते. नंतर लक्षात येते की दोन्ही सहली एकाच दिवशी आहेत! तिकिटे परत होत नाहीत, विकताही येत नाहीत. कुठे जाल?

पैसे तर दोन्हींचे गेलेलेच आहेत. म्हणजे जिथे मजा जास्त तिथे जावे, हे उघड आहे. तरीही ६१ जणांपैकी ३३ जणांनी महागडी, पण कमी मजेची सहल निवडली. महाग तिकीट 'वाया' जाऊ नये म्हणून त्यांनी आपली सुटी वाया घालवायचे ठरवले!

हा कागदावरचा प्रश्न झाला. याच संशोधकांनी एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवरही प्रयोग केला. काही प्रेक्षकांना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत तिकीट मिळेल अशी व्यवस्था केली. कोणाला सवलत मिळावी हे केवळ योगायोगावर सोडले होते. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण किंमत मोजलेल्यांनी जास्त प्रयोग पाहिले. खिशातून गेलेला पैसा त्यांना नाट्यगृहाकडे ढकलत होता.

आवाजापेक्षा वेगवान चूक

एकट्यादुकट्या माणसाचेच असे होते असे नाही. ब्रिटन आणि फ्रान्स या दोन देशांनी १९६२ साली करार करून कॉन्कॉर्ड हे आवाजाहून दुप्पट वेगाने जाणारे प्रवासी विमान बांधायला घेतले. १९६९ मध्ये ते प्रथम उडाले आणि १९७६ मध्ये प्रवासी घेऊन जाऊ लागले. विमान म्हणून ते अप्रतिम होते. परंतु बांधणीचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला. मोठमोठ्या विमान कंपन्यांनी एकामागून एक माघार घेतली. खर्च भरून निघणार नाही हे दिसू लागले, तरी आतापर्यंत घातलेला पैसा फुकट जाईल या भीतीचेही ओझे दोन्ही सरकारांवर होतेच. अखेर प्रवासी वाहतुकीसाठी अवघी १४ विमाने वापरली गेली आणि २००३ मध्ये कॉन्कॉर्डची सेवा कायमची बंद झाली. याच विमानावरून 'आतापर्यंत एवढे घातले, म्हणून आणखी घाला' या विचाराला शास्त्रज्ञ 'कॉन्कॉर्डची चूक' म्हणू लागले, आणि तेही अर्थशास्त्रात नव्हे, तर प्राणिशास्त्रात!

जमिनीत बीळ खणणारी गांधीलमाशीची एक जात आहे. तिची मादी बीळ खणते, लांब मिशांचे हिरवे नाकतोडे नांगी मारून लुळे करते, ओढत आणून बिळात साठवते आणि त्यांच्यावर अंडे घालते. पिल्लाच्या जेवणाची सोय झाली! कधीकधी दोन माद्या नकळत एकाच बिळात शिधा भरत राहतात. मग एके दिवशी दोघींची गाठ पडते आणि जुंपते. आता, बिळात एकूण नाकतोडे जितके जास्त, तितके ते बीळ मोलाचे आणि तितका वेळ लढणे फायद्याचे, असे आपण म्हणू. रिचर्ड डॉकिन्स आणि जेन ब्रॉकमन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. बिळात एकूण किती साठा आहे याला फारसे महत्त्व नव्हते. मादीने स्वतः किती नाकतोडे आणले होते, त्यावर ती किती वेळ लढणार हे अवलंबून होते. जिने जास्त कष्ट केले, ती जास्त वेळ हटून राहिली.

म्हणजे ती गांधीलमाशी मूर्ख समजायची का? संशोधकांनी घाई केली नाही. एकूण साठा मोजण्याची क्षमता तिला बहुधा नसावी, असे त्यांचे म्हणणे. स्वतःच्या खेपा तेवढ्या तिला कळतात. हाताशी असलेल्या माहितीवर ती वागते.

सस्तन प्राण्यांतही हे दिसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उंदीर, घुशीसारखे मोठे उंदीर आणि माणसे या तिघांना बक्षिसासाठी थांबायला लावून पाहिले. त्याचा वृत्तांत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही जातींत, आधी जितका वेळ वाट पाहिली तितका उरलेला वेळही थांबण्याचा कल वाढत गेला. तेव्हा वहिनींना किंवा मला हसू नका. ही खोड फार जुनी आहे. फरक एवढाच, की गांधीलमाशीला मोजता येत नाही आणि आपल्याला येते. म्हणून मी पुतणीला म्हटले, "फूटपट्टी, घड्याळ आणि वही घेऊन ये."

उरले किती?

गोधडी १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद होती. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून, कडेला समांतर असे फेरे घालत घालत मध्यापर्यंत जातात. दोन फेऱ्यांत २ सेंटिमीटर अंतर. पहिला फेरा कडेपासून १ सेंटिमीटर आत. अशा गोधडीत एकंदर ३० फेरे बसतात.

पुतणी म्हणाली, "तीसातले दहा झाले, म्हणजे एक तृतीयांश."

इथेच थांबा आणि आकृती काढा. पहिला फेरा १७८ गुणिले ११८ सेंटिमीटरच्या आयताचा आहे. त्याची परिमिती ५९२ सेंटिमीटर. पुढचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा १६ सेंटिमीटरने लहान. दहावा फेरा ४४८ सेंटिमीटर, आणि अगदी मधला तिसावा फेरा केवळ १२८ सेंटिमीटर! म्हणजे सगळे फेरे सारखे नाहीतच. अंकगणिती श्रेढीच्या सूत्राने बेरीज केली तर—

पहिले १० फेरे : ५,२०० सेंटिमीटर, म्हणजे ५२ मीटर.
उरलेले २० फेरे : ५,६०० सेंटिमीटर, म्हणजे ५६ मीटर.
एकूण : १०८ मीटर.

ताळा करायची सोपी युक्तीही आहे. गोधडीच्या क्षेत्रफळाला दोन फेऱ्यांतील अंतराने भागा. १८० गुणिले १२०, भागिले २, म्हणजे १०,८०० सेंटिमीटर. उत्तर जुळले!

पुतणीचे डोळे चमकले. एक तृतीयांश नव्हे, जवळजवळ निम्मे काम झाले होते. मात्र इथे एक नाजूक भेद लक्षात घ्या. 'मी ५२ मीटर शिवले म्हणून पुढे शिवले पाहिजे', हे चूक. 'मी ५२ मीटर शिवले म्हणून आता ५६ मीटरच उरले', हे बरोबर. आकडे तेच आहेत. पण पहिल्या वाक्यात आपण मागे पाहून पश्चात्ताप टाळतो आहोत, आणि दुसऱ्यात पुढची वाट मोजतो आहोत.

मग तिने घड्याळ लावून एक-एक मीटर शिवून पाहिले, तीन वेळा. १९, २२ आणि १९ मिनिटे लागली. सरासरी २० मिनिटे. त्यात सुईत दोरा ओवणे आणि गाठ मारणेही आले. म्हणजे ५६ मीटरला १,१२० मिनिटे, किंवा १८ तास ४० मिनिटे. रोज अर्धा तास बसली तर ३८ दिवस.

"म्हणजे फेब्रुवारीच्या २१ तारखेपर्यंत होईल," ती बोटे मोजत म्हणाली.

अंदाज का चुकतो?

होईल का? दिवाळीतला अंदाज आठवा. २१ दिवसांत १०८ मीटर होणार होते, झाले ५२. निम्म्याहूनही कमी.

याबद्दलही संशोधन झाले आहे. रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना विचारले, तुमचा प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. 'सगळेच बिनसले तर किती?' याचे उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले! म्हणजे सगळे बिनसेल असे धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. हे संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अंदाज करताना आपण काम कसे सुरळीत पार पडेल याचे चित्र रंगवतो. पाहुणे येतात, वीज जाते, बोटाला सुई लागते, कंटाळा येतो, हे त्या चित्रात नसते.

यावर उपाय कोणता? आपल्याच मागच्या अनुभवाला साक्षीदार करायचे. तिचा मागचा अंदाज दुपटीने चुकला होता, म्हणून याही वेळी दुप्पट धरू. ३८ दिवसांचे ७६ होतात. म्हणजे मार्चचे शेवटचे दिवस. थंडी गेलेली आणि वार्षिक परीक्षा डोक्यावर.

पुतणीचा चेहरा उतरला. "मग सोडूनच द्यावी लागेल."

टाके कशासाठी असतात?

एवढ्यात निराश व्हायचे कारण नव्हते. पुरी करणे आणि सोडणे, अशा दोनच वाटा आहेत असे आपण धरून चालतो. तिसरी वाट शोधायची तर ती वस्तू मुळात काम कशी करते हे पाहावे लागते.

गोधडीला ऊब कोठून येते? गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता आपल्या शरीराची. गोधडी तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. आणि हे काम कापडापेक्षा त्याच्या थरांत व धाग्यांत अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्या २० पटींहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. म्हणूनच ओल्या गोधडीत ऊब नसते. टाके थरांना एकत्र धरतात, ते सरकू देत नाहीत, धुताना कापडावर पडणारा ताण वाटून घेतात. पण जिथे टाका पडतो तिथे थर दाबले जाऊन हवा कमी होते. टाके अगदीच कमी असले तर गोधडी टिकत नाही. पण ते दाट असले म्हणून ऊब वाढत नाही.

रजईत सुटा कापूस असतो. तिथे टाके फार विरळ असले तर कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसेल. आपल्या गोधडीत सबंध कापडाचे थर होते आणि चारी कडा २० सेंटिमीटर आतपर्यंत घट्ट शिवून झाल्या होत्या. ओढाताण जास्त होते ती कडांची. तेव्हा मधल्या भागात फेऱ्यांतले अंतर २ ऐवजी ४ सेंटिमीटर ठेवले तर काय बिघडेल?

शिल्लक भाग १४० गुणिले ८० सेंटिमीटरचा. त्याला ४ ने भागा. २,८०० सेंटिमीटर, म्हणजे २८ मीटर. काम बरोबर निम्मे झाले! वेळ ९ तास २० मिनिटे. रोज अर्धा तास धरून १९ दिवस, आणि दुप्पट धरले तर ३८ दिवस. म्हणजे वाईटात वाईट, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

आता वहीत तीन वाटा स्पष्ट झाल्या. दाट टाक्यांनी पुरी करणे, विरळ टाक्यांनी पुरी करणे, किंवा दोरा उसवून लुगडी जपून ठेवणे. प्रत्येकीपुढे 'उरलेले कष्ट' लिहून झाले होते. 'उद्या मिळणारा लाभ' हा रकाना मात्र रिकामा होता.

"तो कोण भरणार?" तिने विचारले.

"ज्याच्यासाठी शिवतेस तो. आजोबांना विचारलंस का?"

नव्हते विचारले. कोणीच विचारले नव्हते. गोधडीवर आम्ही सगळे बोललो. पण ती जे पांघरणार, त्यांना विचारायचे कोणाला सुचले नाही. ती ओसरीवर गेली. आजोबा ऊन खात बसले होते. तिने गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वरच्या लुगड्यावरून बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाले, "झाली तर मला हवी आहे, बाळ. पण अभ्यास सोडून मान मोडू नकोस. टाके वाकडे असले तरी चालतील."

मित्रहो, 'आजीची लुगडी आहेत' हे माझे वाक्य आता मला नीट कळले. आजीने ती किती वर्षे नेसली, हा भूतकाळ. त्या लुगड्याचा मऊपणा आजोबांना उद्या पहाटे हवा आहे, हा भविष्यकाळ. आठवण म्हणजे बुडीत खर्च नव्हे. ज्या आठवणीने उद्याही कोणाला सुख मिळणार आहे, ती हिशेबात धरलीच पाहिजे. फक्त ती 'उद्या'च्या रकान्यात लिहिली पाहिजे. 'नाही तर वाया जाईल' या धाकाखाली नव्हे.

एकच कसोटी, दोन उत्तरे

तिने दुसरी वाट निवडली. पण गोष्ट इथे संपत नाही. गोधडीबरोबर ट्रंकेतून एक स्वेटरही निघाला होता. सहावीत असताना तिने तो स्वतःसाठी विणायला घेतला होता. पाठ पूर्ण, पुढचा भाग अर्धा. याच्यावर कष्ट गोधडीहूनही जास्त झाले होते. तीच कसोटी लावली. उरलेले कष्ट किती? पुष्कळ. उद्याचा लाभ? स्वेटर सहावीतल्या मापाचा, तिला होणारच नाही. धाकट्या भावाने गुलाबी रंग पाहूनच मान फिरवली.

अर्ध्या तासात तिने तो सगळा उसवला. लोकरीचे चार गुंडे झाले. लोकर बुडीत नव्हती, कारण ती परत मिळत होती. विणण्यात गेलेले तास तेवढे बुडीत होते, आणि त्यांतून सुया चालवायचे कौशल्य शिल्लक राहिलेच होते. एकाच दिवशी, एकाच कसोटीने, एक वस्तू पुढे चालू झाली आणि दुसरी बंद झाली. 'घेतलेले काम टाकू नये' किंवा 'जमत नसेल तर सोडावे' अशा ठोकळ नियमांनी हे साधले नसते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कंटाळा आला की 'हा बुडीत खर्च' म्हणून गणिताची वही मिटू नका! कंटाळा हा लाभ-हानीचा हिशेब नव्हे. आज सायंकाळी नकोसे वाटणारे काम उद्या सकाळी हवेसे वाटू शकते. म्हणून निर्णय कागदावर मोजून घ्या, आणि एक रात्र जाऊ द्या.

आता थोडे आजीविषयी. माझी आई गोधडीसाठी जुने लुगडे निवडायची, तेव्हा ते केवढ्याला घेतले होते हे तिने कधी विचारात घेतलेले मला आठवत नाही. ती कापड दोन बोटांत धरून ओढायची, उजेडासमोर धरून पाहायची. विरलेला भाग बाजूला, टिकाऊ भाग आत, मऊ भाग अंगालगत. महागाचे पण विरलेले लुगडे पोतेऱ्याला जायचे आणि स्वस्तातले पण धड असलेले गोधडीत. या कापडात आता काय शिल्लक आहे आणि ते उद्या कशाला उपयोगी पडेल, एवढेच ती पाहायची. आर्क्स आणि ब्लूमर यांचे नाव तिने ऐकले नव्हते. पण त्यांची परीक्षा ती सहज उत्तीर्ण झाली असती. आणि मी, विज्ञान शिकवणारा तिचा मुलगा, 'आजीची लुगडी आहेत' म्हणून पुतणीला गप्प करायला निघालो होतो!

गोधडीचा शेवटचा टाका फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पडला. आमचा दुप्पट धरलेला अंदाज खरा ठरला. मध्ये सहा दिवस ती तापाने आजारी होती आणि चार दिवस सुई हरवली होती. थंडी ओसरू लागली होती, तरी पहाटेचा गारवा होता. मधले टाके विरळ आहेत, हे आजोबांच्या अजून लक्षात आलेले नाही.

करून पाहा

१. घरातील एक अर्धवट वस्तू निवडा. वहीत दोनच रकाने आखा : 'उरलेले कष्ट' आणि 'उद्याचा लाभ'. 'झालेले कष्ट' हा रकाना मुद्दाम आखू नका. कष्टाचा दर थोडे काम प्रत्यक्ष करून, घड्याळ लावून काढा.

२. वरच्या गोधडीत ३० पैकी १५ फेरे झाले असते, तर एकूण लांबीचा कितवा भाग शिवून झाला असता? आधी अंदाज करा आणि मग बेरीज करा. (उत्तर : दोन तृतीयांश.) फेरे कडेऐवजी मध्यापासून सुरू केले असते, तर १५ फेऱ्यांनंतर काय उत्तर आले असते?

३. पुढच्या आठवड्यातील एखाद्या कामाला किती वेळ लागेल ते आज लिहून ठेवा. प्रत्यक्ष लागलेल्या वेळाला या अंदाजाने भागा. पाच कामांची सरासरी काढा. हा आकडा तुमचा स्वतःचा आहे. पुढच्या प्रत्येक अंदाजाला त्याने गुणायला विसरू नका.

आणि शिक्षकांनो, हा प्रयोग आपणही करायला हरकत नाही. आपल्या कपाटातही एखादी अर्धी गोधडी असेलच!